बदल केलेली जुनी एअर रायफल, एअर पिस्तूल: किंमत कशी ठरवायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दहावी-बारावीच्या निकालानंतरचे दोन-तीन महिने आमच्या रेंजवर खरेदी-विक्रीचे. कुणाचं पोर इंजिनिअरिंगला जातं, कुणाचं खांदेदुखीमुळे थांबतं, आणि कपाटात दोन-अडीच लाखांची रायफल पडून राहते. त्याच वेळी दुसरीकडे एखादी सातवी-आठवीतली मुलगी क्लबच्या बंदुकीवर चांगले गुण मारत असते आणि घरचे नवीन घेण्याइतके पैसे जमवू शकत नाहीत. या दोन घरांमधला व्यवहार सरळ व्हावा एवढ्यासाठी हे लिहिलं आहे. मी स्वतः दोन रायफली आणि एक पिस्तूल विकलं आहे, तेवढंच विकतही घेतलं आहे. खालचे प्रश्न मला पालक आणि नवे नेमबाज नेहमी विचारतात. यातलं बहुतेक १० मीटर नेमबाजीच्या हत्यारांबद्दल आहे. शेवटी शेवटी साध्या स्प्रिंगच्या बंदुकांबद्दलही थोडं आहे.

मी बंदुकीवर वरून साठ हजार खर्च केलेत. ते किमतीत धरायचे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात. नाही, धरायचे नाहीत. निदान तसेच्या तसे तर नाहीच.

तुम्ही केलेला खर्च तुमच्या शरीरासाठी होता. दस्ता तुमच्या तळव्याला बसवला, चीकपीस तुमच्या गालाच्या हाडाला, बटप्लेट तुमच्या खांद्याच्या खळगीला. घेणाऱ्याचा तळवा वेगळा, गाल वेगळा. शिंप्याकडे मापाने शिवलेला सूट दुसऱ्याला विकताना शिलाई कोण देईल?

पण बदलांचे दोन प्रकार असतात आणि सगळा हिशोब त्यांच्यावर उभा आहे. एक, जो स्क्रू काढून परत पूर्ववत करता येतो. दुसरा, ज्यात लाकूड तासलं, धातूला भोक पाडलं, रंग मारला. पहिल्या प्रकारातला सुटा भाग स्वतंत्र विकता येतो आणि त्याचे पैसे येतात. दुसऱ्या प्रकारात पैसे येत नाहीतच, उलट मूळ किंमत खाली जाते. म्हणून बदल करण्याच्या दिवशीच विचारा की हे उद्या काढता येईल का. आणि काढलेला मूळ भाग, त्याचे स्क्रू, त्याची छोटी पिशवी, सगळं एका डब्यात नाव लिहून ठेवा. माझ्या अनुभवात तो डबाच सगळ्यात जास्त पैसे मिळवून देतो.

कोणत्या बदलांना खरंच किंमत मिळते?

नामांकित कंपनीचे, मापात पुढे-मागे करता येणारे सुटे भाग: चांगली बटप्लेट, सरकणारं चीकपीस, मागच्या साइटमधली (नेम धरायच्या भागातली) आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक, आणि पुढची साइट. एमईसी, सेंट्रा, गेमन ही नावं रेंजवरच्या पोरांना पाठ असतात. असे भाग एका रायफलीवरून दुसरीवर चढतात, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. माझा सल्ला: रायफल मूळ स्वरूपात विका आणि हे भाग वेगळे विका. सगळं एकत्र विकलंत तर घेणारा म्हणतो, मला ती बटप्लेट नकोच आहे, पैसे कमी करा. आणि त्याचं चुकत नाही.

वजनं, ब्लाइंडर (दुसरा डोळा झाकणारी पट्टी), स्लिंगचे म्हणजे पट्ट्याचे हुक वगैरे किरकोळ. ते भेट म्हणून द्या, भाव टिकतो.

पिस्तुलाचा दस्ता तासून, लुकण भरून हाताला बसवलाय. किती फरक पडेल?

बराच. पिस्तुलात दस्ता म्हणजे अर्धा नेमबाज. आपल्याकडे सर्रास एम-सील किंवा लाकडाचं लुकण लावून, वाळलं की कानसने घासून दस्ता बसवतात. त्यात काही चूक नाही, मीही केलंय. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने तो दस्ता संपलेला असतो. त्याला नवा घ्यावा लागणार, म्हणून नव्या दस्त्याची पूर्ण किंमत वजा करूनच बोलणी सुरू करा.

दुसरी गोष्ट नियमांची. एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, वजन १५०० ग्रॅमच्या आत लागतं, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. तळहाताखालची पट्टी हाताला वर कवटाळणारी चालत नाही. घरी लुकण चढवताना नेमकी तीच कड वर वळते, कारण तशी धरायला बरी वाटते. सरावात कुणी विचारत नाही आणि स्पर्धेच्या उपकरण तपासणीत पिस्तूल बाजूला काढलं जातं. असा दस्ता ‘कस्टम’ म्हणून जास्त भावात खपवणं हा घेणाऱ्यावर अन्याय आहे.

मूळ दस्ता जपून ठेवलेला असेल तर प्रश्नच मिटला. तो लावून विका. आणि जाहिरातीत माप लिहा: स्मॉल, मीडियम की लार्ज, उजवा की डावा. नुसतं ‘उत्तम स्थितीत’ लिहून काही कळत नाही.

सिलिंडरच्या तारखेचा एवढा बाऊ का करतात?

कारण तिथेच लोक फसतात. आम्हीही फसलो होतो. मुलीसाठी पहिली रायफल घेतली तेव्हा लाकूड पाहिलं, नळी पाहिली, गट (छर्रे किती जवळजवळ पडतात ते) पाहिला, खूश होऊन पैसे मोजले. दाबलेली हवा साठवणाऱ्या सिलिंडरवरचा शिक्का वाचलाच नाही. दुसऱ्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर तो वाचला गेला. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. त्या दिवशी एका ओळखीच्या प्रशिक्षकांनी त्यांचा सिलिंडर दिला म्हणून ती उभी राहू शकली. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही.

सिलिंडरवर महिना-वर्ष आणि दाब कोरलेला असतो. स्पर्धेच्या रायफलींत साधारण २०० बारचा सिलिंडर असतो. बऱ्याच जर्मन कंपन्या उत्पादनापासून १० वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नियमांत मुदतीच्या आतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नेमबाजावर टाकलेली आहे. आणि स्पर्धेचं सोडा, २०० बार दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो. तिथे ‘चालतंय अजून’ म्हणू नये.

हिशोब सोपा आहे. नव्या सिलिंडरचा आजचा भाव विचारा, त्याचे दहा भाग करा, उत्पादनापासून जितकी वर्षं झाली तितके भाग वजा करा. मुदत संपली असेल तर पूर्ण किंमत वजा. दोन सिलिंडर असतील तर दोघांचा वेगळा हिशोब. फोनवर बोलणी होत असतील तर पहिला फोटो शिक्क्याचा मागवा, बंदुकीचा नंतर.

पावसाळ्यात हातपंपाने हवा भरली तर सिलिंडर खराब होतो का?

मुंबई-कोकणची दमट हवा हातपंपाने दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. पंपाला ओलावा शोषणारी जाळी असते, पण ती वेळेवर बदलणारे थोडे. म्हणून विचारा: हवा कुठे भरत होता? रेंजच्या कॉम्प्रेसरवर आणि मोठ्या टाकीतून भरली असेल तर उत्तम. हातपंपाने भरली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च वजा धरा. सिलिंडर उलटा धरून थोडी हवा सोडताना पांढऱ्या कागदावर ओलसर किंवा गंजट ठिपके उमटले, तर तो सिलिंडर घेऊ नका. आणि कुणी ऑक्सिजन भरून दिल्याचं सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा, तेला-ग्रीसशी ऑक्सिजनचा स्फोट होतो.

हवा गळते का ते कसं पाहायचं?

पूर्ण भरलेला सिलिंडर रायफलीवर चढवून रात्रभर ठेवा. सकाळी मापक पाहा. मात्र नुकती भरलेली हवा गरम असते आणि थंड झाली की काटा आपोआप थोडा खाली येतो. त्याला गळती म्हणू नका, तासाभराने वाचलेला आकडाच धरा. तिथून रात्रीत काटा दिसेल इतका खाली आला तर ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. बहुतेकदा दुरुस्ती छोटी असते, पण तुमच्या शहरात करणारा माणूस नसेल तर कुरिअर, वाट पाहणं, हुकलेली स्पर्धा, हे सगळं त्या छोट्या दुरुस्तीत मिळवा.

नळी झिजली असेल तर?

एअर रायफलीच्या नळीची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. मऊ शिशाचे छर्रे, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, ना दारू ना उष्णता. हजारो छर्ऱ्यांनी ती झिजत नाही. ती खराब होते ती चुकीच्या सफाईने. लोखंडी सळई घालून घासली, तोंडाच्या कडेला ओरखडा गेला, की गट पसरतो. म्हणून ‘किती छर्रे मारले?’ यापेक्षा ‘साफ कशाने करत होता?’ हा प्रश्न उपयोगाचा.

खरी परीक्षा गटाची. रायफल शिकंज्यात किंवा निदान वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवर दहा-दहा छर्ऱ्यांचे तीन गट मारा. रायफलीच्या कागदावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे इथे ढोबळ चालत नाही. चांगल्या रायफलीचे दहा छर्रे एकच किंचित फाटलेलं भोक करतात. नवीन बंदुकीबरोबर कारखान्यात मारलेल्या गटाचा कागद येतो. तो जपून ठेवला असेल तर शेजारी ठेवून बघा. गट मोठा आला म्हणून लगेच नाकारू नका, आधी छर्रे बदला. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटरच्या छर्ऱ्यांत एकाच नळीचं वागणं बदलतं.

रेंजवर वेगमापक असेल तर त्याच दहा छर्ऱ्यांचे वेग लिहून घ्या. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दोन-तीन मीटरहून जास्त फरक नको. बंदूक थोडा वेळ पडून राहिल्यावर पहिलाच छर्रा ठळकपणे जोरात जात असेल तर रेग्युलेटर (प्रत्येक छर्ऱ्यामागचा दाब सारखा ठेवणारा भाग) दाब धरून ठेवत नाही, असं समजा आणि तो खर्च वजा करा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल जुनं घ्यावं का?

घ्यावं, पण तपासून. मोरिनी कंपनीची अशी पिस्तुलं आपल्याकडे खूप आहेत आणि ट्रिगर फार सुंदर असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसला एअर पिस्तुलात कांस्य घेऊन आली. यंत्र बिघडू शकतं, पर्याय हाताशी हवा, एवढाच त्याचा अर्थ. जुनं घेताना बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का पाहा, पन्नास-साठ वेळा कोरडा, म्हणजे छर्रा न भरता, ट्रिगर ओढा, ५०० ग्रॅमचं वजन उचलतं का पाहा. सर्किट बदललं असेल तर त्याची पावती मागा. बदललेलं सर्किट हा दोष नाही, नवं असेल तर उलट गुणच.

यांत्रिक ट्रिगरमध्ये एकच भीती: आधीच्या मालकाने आतल्या खटक्याच्या कडा स्वतः घासल्या असतील तर. ‘मी ट्रिगर अजून हलका करून घेतलाय’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी सावध होतो. बंदूक गच्चकन बंद करून किंवा कुंद्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून ट्रिगर आपोआप सुटतो का ते बघा, अर्थात नळी रिकामी ठेवून आणि सुरक्षित दिशेला रोखून. सुटला तर ती बंदूक मुलाच्या हातात द्यायची नाही. भाव कितीही उतरू दे.

लहान मुलासाठी स्टॉक कापून आखूड केला आहे. विकला जाईल का?

लाकडी स्टॉक (कुंदा) कापला असेल तर गिऱ्हाईक फक्त लहान मुलांचं उरतं, आणि मूलही दोन वर्षांत वाढतं. किंमत बरीच उतरते. अॅल्युमिनियमच्या सरकत्या स्टॉकला ही अडचण नाही, म्हणून दुसऱ्या हाताच्या बाजारात त्याचा भाव लाकडीपेक्षा टिकतो. रायफलीचं एकूण वजन ५.५ किलोच्या आत राहतं ना, तेही वजन लावून झाल्यावर पाहून घ्या.

डावखुऱ्यांची रायफल विकायला वेळ लागतो, भाव थोडा कमी येतो. पण घाई करू नका. डावखुऱ्या मुलांचे पालक अशा बंदुकीच्या शोधात वर्षभर फिरत असतात. कोल्हापूर, पुणे, ठाणे, नाशिकच्या प्रशिक्षकांना फोन करून ठेवा.

मग आकडा काढायचा कसा? एक उदाहरण द्या.

खालचे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या बाजारातून आणा.

समजा तुमच्या मॉडेलचा आजचा नवा भाव २,५०,००० रुपये आहे. तुम्ही घेतलात तेव्हाचा नव्हे, आजचा, कारण युरो आणि कर बदलत राहतात. आता गेल्या वर्षभरात त्याच मॉडेलचे, साधारण त्याच वयाचे तीन व्यवहार खरोखर किती रुपयांना झाले ते विचारून काढा. मागितलेला भाव धरू नका, हातात पडलेला धरा. समजा ते १,५०,००० च्या आसपास निघाले. ही सुरुवात.

सिलिंडर सहा वर्षं जुना, नवा २५,००० ला मिळतो: १५,००० वजा. दोन वर्षं सर्व्हिसिंग नाही, सील बदलावे लागणार: ८,००० वजा. मूळ ट्रिगर पाकळी (बोट टेकतं तो भाग) हरवली: ४,००० वजा. राहिले १,२३,०००. वरून तुम्ही लावलेली बटप्लेट आणि चीकपीस मिळून ४०,००० ची होती. ती काढून वेगळी विकली तर निम्मे, २०,००० धरा. मूळ बटप्लेट-चीकपीस डब्यात असेल तरच हा हिशोब चालतो. नसेल तर तुम्हाला लावलेलंच रायफलीबरोबर द्यावं लागेल, आणि त्याचे वीस हजार कुणी देणार नाही, फार तर पाच.

आता विकणारा म्हणेल, माझे एकूण २,९०,००० गेले. खरंय. पण त्या खर्चात तुमच्या मुलाची पाच वर्षं, त्याची पदकं, त्याचा स्थिर झालेला हात आहे. ते घरीच राहतं, ते विकायला काढलेलं नाही.

‘या रायफलीवर राष्ट्रीय पदक मिळालंय’ म्हणून भाव वाढतो का?

साधारणपणे नाही. रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जगज्जेतेपद मिळवलं तेव्हापासून पोरं विचारतात, तो कोणती वापरतो. ती घेऊन गुण वाढत नाहीत. एक गोष्ट मात्र मान्य करतो: गंभीर नेमबाजाची बंदूक बहुधा वेळेवर सर्व्हिस झालेली असते. पदकाचे नव्हे, त्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांचे पैसे द्या.

परवाना लागतो का? कागदपत्रं कोणती?

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. १० मीटरची रायफल यात फार खाली असते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा साडेसात जूलच्या थोडी वर येते.

अडचण येते ती ‘पॉवर वाढवलेल्या’ बंदुकांत. जाड स्प्रिंग घातली, व्हॉल्व्ह मोकळा केला, आणि मालक सांगतो की आता जबरदस्त मारते. वेगमापकावर घ्या. छर्ऱ्याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा (सेकंदाला किती मीटर) वर्ग, भागिले दोन: हे उत्तर २० च्या वर गेलं तर ती परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि ती घेणाराही अडकतो. अशा बदलाची किंमत शून्याखाली धरतो मी.

कागदांत मूळ पावती, आणि आयात केलेली असेल तर आयातीची, कस्टमची कागदपत्रं मागा. नेमबाज म्हणून सवलतीत आणलेल्या हत्यारावर पुढे विकण्याच्या अटी असू शकतात, त्या अटी नेमबाजी संघटनेकडून तपासून मगच पैसे द्या. अनुक्रमांक खोडलेला किंवा रंगाखाली गेलेला दिसला तर घेऊ नका. कागदपत्रांशिवायची चांगली बंदूक मी कागदपत्रं असलेल्या साधारण बंदुकीच्या खाली ठेवतो.

साधी स्प्रिंगची बंदूक आहे, दुर्बीण लावलेली. तिचं काय?

भारतीय बनावटीच्या स्प्रिंगच्या बंदुका, प्रेसिहोल वगैरे, नव्याच परवडणाऱ्या असतात. त्यामुळे जुन्यांना फार भाव येत नाही. दुर्बीण वेगळी विका. स्प्रिंगच्या बंदुकीचा दुहेरी धक्का स्वस्त दुर्बिणीच्या आतल्या तारा सैल करतो, म्हणून दुर्बीण घेणाऱ्याने गट मारूनच घ्यावी.

याच्या उलट गोष्ट जुन्या जर्मन बंदुकांची. एखाद्या घरात आजोबांच्या वेळची फाइनवेर्कबाउ कंपनीची ३०० नंबरची रायफल किंवा ६५ नंबरचं पिस्तूल निघतं. त्याला कृपा करून पॉलिश करू नका, वार्निश लावू नका, निळसर पोलाद घासू नका. तिथे घेणारा मूळपणाचेच पैसे देतो. आतले सील बदललेले चालतात, बाहेरचं काही बदललेलं चालत नाही.

आणि समोरचा विचारायला लागला की पाखरं पडतील का, तर विकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि कायदा नसता तरी विकू नका.

घासाघीस किती करावी?

वजा-बाकी कागदावर मांडून दाखवली की घासाघीस आपोआप आटपते. मी घेणारा असेन तर दोष मोजून दाखवतो, बंदुकीला नावं ठेवत नाही. कुणाच्या तरी मुलाने ती रोज सहा तास हातात धरलेली असते.

व्यवहाराच्या दिवशी काय करायचं?

भेट रेंजवर ठेवा, घरी किंवा रस्त्यात नको. दोघांचे प्रशिक्षक हजर असले तर बरं. घेणाऱ्याने आपले छर्रे, आपले बूट-जॅकेट आणावे आणि निदान चाळीस छर्रे मारून पाहावे. विकणाऱ्याने ती वेळ द्यावी. पैसे बँकेतून द्यावे-घ्यावे. एका कागदावर दोघांची नावं-पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती, बंदुकीचा अनुक्रमांक, सिलिंडरचा अनुक्रमांक आणि मुदत, दिलेल्या सुट्या भागांची यादी, ठरलेली रक्कम आणि तारीख लिहा. खाली दोघांच्या सह्या. दोन प्रती करा. प्रवासाला निघण्याआधी सिलिंडर काढून वेगळा बांधा, आणि पेटी गाडीत बसवण्याआधी डब्यातले मूळ स्क्रू एकदा मोजून घ्या.